सोळातल्या चार

कार्ड शारजाहून आलं, नाझीम मुकादमच्या बॅगेत,
ब्लँकेटच्या घडीत, खजुराच्या डब्याला टेकून.
"जुनं आहे, पण घोडा आहे," तो म्हणाला.
मी त्याला खोकं घेतलं, वेगळी वीज दिली,
आणि हातभर वायर, जिची किंमत ऐकून
बाबा म्हणाले, एवढ्यात पन्नास वाव रस्सी आली असती.

आता हर्णैच्या आमच्या माडीवर तीन पंखे फिरतात,
एक छताला, दोन खोक्यात.

काम असं:
मुरूडला एक रिसॉर्ट, अजून न बांधलेलं.
पुण्याच्या पार्टीला त्यातून चालून बघायचंय,
पोफळींखालून पार तलावापर्यंत.
मी प्रत्येक पोफळीला झावळ्या दिल्या,
प्रत्येक चिऱ्याला त्याची भोकं.
आणि पार्टी चालायला लागली की अडखळते,
मी न ठेवलेल्या उंबरठ्यांना
ठेच लागावी तशी.

वाटलं, कार्डच म्हातारं.
रात्री दीडला आकडे काढले तर
कार्ड निम्मा वेळ रिकामं,
धक्क्यावर तंबाखू मळत बसलेलं.
मोठ्या संगणकाच्या पोटात त्याला सोळा वाटा असत्या.
इथे नखाएवढ्या भोकातून चार,
आणि त्या चारही पुऱ्या आपल्या नाहीत.

पहाटे बाबा वर आले, गाडी जुंपायच्या आधी.
खोक्याकडे बघितलं, मग वायरीकडे.
"लाँच येवढी मोठी, नि गाडी एकच?"
एकच.
"बैल बदललेस तर?"
बैल चांगले आहेत, बाबा. वाट अरुंद आहे.

हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.
तीस वर्षं लाँचा बाहेर खोल पाण्यात उभ्या,
पोटात म्हाकूल, बांगडा, वितळणारा बर्फ,
आणि किनाऱ्यापर्यंत काय येणार
ते ठरवते गाडीची फळी.
मासळी किती मिळाली हा प्रश्न नसतोच.
किती उतरली, हा.

"आणि चित्र दिसतं खंय... कुठे दिसतं गो?"
(आई मालवणची. घाईत तिचे शब्द येतात त्यांच्या तोंडी.)
इथेच, लॅपटॉपच्या पडद्यावर.
"म्हणजे जाताना तीच वाट, येतानाही तीच.
भरली गाडी जाते त्याच वाटेवर
भरली गाडी परत कशाला आणतेस?
लिलाव तिकडेच लाव, लाँचवर."

मी खालचा टीव्ही वर आणला
आणि वायर थेट खोक्याला जोडली.
सेकंदाला एकोणीस चित्रं होती, सत्तावीस झाली.
मग पोफळी एकेक करून पाठवणं सोडलं,
अख्खी वाडी आधीच कार्डात नेऊन ठेवली,
रात्रीच बर्फ भरून घ्यावा तशी.
तेहेतीस.
त्यापुढे हललं नाही. हलणारही नाही.
तलावाजवळ, पाण्यात आभाळ दाखवायचं आलं की
पार्टी अजून अडखळते.
तिथे मी एक बाकडं ठेवलं.
बसू दे.

बाबा जिन्यावरून म्हणाले,
"जेट्टी झाली की लाँच थेट लागंल.
मग मध्ये कुणी नको."
भरती किती वाजता, हे सांगावं
त्याच आवाजात.
नव्या लॅपटॉपांची तोंडं दुप्पट रुंद आहेत,
हे मी कालच वाचलं होतं.
बोलले नाही.

खिडकीतून दिसतं:
चांदा आणि कबऱ्या पाण्यात उतरतात,
पोटाला लाट लागली की आपणहून थांबतात.
होडी त्यांच्याकडे येते.
क्रेट चढतात, चार, सहा, आठ. आठच.
मग गाडी वळवता वळवता
बाबा खालून ओरडतात,
"रविवारी टीव्ही खाली लागंल हां!
कबड्डीचा सामना हाय."